चेलो आणि पियानो यांच्या युगुलवादनाची ध्वनिमुद्रणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य अभिजात संगीतात चेलो (व्हायोलिनच्या कुळातले, गजाने वाजवायचे खालच्या पट्टीचे वाद्य) आणि पियानो या दोनच वाद्यांसाठी लिहिलेल्या रचना आणि त्यांची ध्वनिमुद्रणे यांविषयी श्रोते पुन्हा पुन्हा विचारतात अशा प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. एकाच रचनेची कितीतरी ध्वनिमुद्रणे हाताशी असताना निवड कशी करावी, हा त्यांतला मुख्य प्रश्न आहे. त्यावर माझे म्हणणे बहुतेक ठिकाणी एकच असते : चेलोवादकाच्या नावाइतकेच पियानोवादकाचे नाव पाहावे, आणि दोघांचे एकमेकांशी चाललेले बोलणे त्या ध्वनिमुद्रणात कितपत ऐकू येते, याकडे कान द्यावा.

या प्रकारचे आजवर काहीच ऐकलेले नाही. सुरुवात कोणत्या रचनेपासून करावी?

बीथोव्हेनच्या ए मेजर सोनाटापासून, म्हणजे 1808 मध्ये पूर्ण झालेल्या ओपस 69 पासून सुरुवात करावी. (सोनाटा म्हणजे काही भागांची वाद्यरचना, ‘ए मेजर’ हे तिच्या स्वरपट्टीचे नाव आणि ‘ओपस’ हा रचनाकाराच्या कृतींचा क्रमांक.) या सोनाटाच्या आरंभी पियानो गप्प असतो आणि चेलो एकटाच, खालच्या पट्टीत, मृदू आवाजात एक लांब स्वरवाक्य म्हणतो. ते वाक्य अर्ध्यावर येते तेव्हा पियानो ते उचलतो आणि वर नेऊन एका छोट्या मुक्त आलापासारख्या जागेवर थांबवतो. त्यानंतर हाच क्रम उलटतो. आता मूळ वाक्य पियानोकडे असते आणि शेवटची मुक्त जागा चेलोला मिळते. पहिल्या मिनिटभरात घडणारी ही देवाणघेवाण नीट लक्षात आली, की या संपूर्ण वाङ्मयाकडे कसे पाहायचे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

त्यानंतर ब्राम्सचा ई मायनर सोनाटा आणि मग देब्युसीचा सोनाटा ऐकावा. देब्युसीची रचना जेमतेम अकरा-बारा मिनिटांची असल्यामुळे ती लागोपाठ दोनदा ऐकणे सहज जमते आणि दुसऱ्या वेळी ती पुष्कळच उलगडते.

या रचनाप्रकाराची सुरुवात केव्हा झाली?

1796 साली, बर्लिनमध्ये. प्रशियाचा राजा फ्रीडरिख विल्हेल्म दुसरा हा स्वतः चेलो वाजवत असे आणि ड्यूपोर बंधू हे त्या काळचे नामवंत चेलोवादक त्याच्या दरबारी होते. दौऱ्यावर गेलेल्या पंचविशीतल्या बीथोव्हेनने तेथे ओपस 5 चे दोन सोनाटे लिहिले आणि त्या बंधूंपैकी एकासोबत स्वतः पियानोवर बसून राजासमोर वाजवले. त्याआधी चेलोसाठी सोनाटे नव्हते असे नाही, परंतु त्यांत कळवाद्याची भूमिका प्रायः खालच्या स्वरांवर आधारलेली साथ भरण्याची असे. चेलो आणि पूर्ण लिहून काढलेला पियानो अशा जोडीसाठी हायडनने सोनाटा लिहिला नाही आणि मोझार्टनेही पूर्ण केलेला सोनाटा मागे ठेवला नाही, त्यामुळे बीथोव्हेनपुढे कित्ता गिरवावा असा नमुनाच नव्हता.

बाखचे तीन सोनाटे चेलो आणि पियानोवर अनेकदा वाजवले जातात, परंतु ते मुळात व्हिओला द गांबा (चेलोसारखे गजाने वाजवायचे जुने वाद्य) आणि हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचे कळवाद्य) यांच्यासाठी आहेत. मीशा मायस्की आणि मार्था आर्गेरिच यांनी 1985 साली केलेले त्यांचे ध्वनिमुद्रण हे अशा रूपांतराचे चांगले उदाहरण आहे.

‘चेलो सोनाटा’ असे म्हणतात, म्हणजे पियानो केवळ साथीला असतो ना?

नाही, आणि हा समज दूर झाल्याशिवाय ध्वनिमुद्रणाची निवड नीट होत नाही. बीथोव्हेन, शोपँ आणि ब्राम्स या तिघांच्याही छापील आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर पियानोचे नाव आधी आणि चेलोचे नंतर येते. राखमानिनोव्हच्या 1901 सालच्या जी मायनर सोनाटात तर पियानोवर इतके काम आहे, की त्या वादकाला साथीदार म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुख्य स्वरवाक्यांपैकी बरीचशी आधी पियानोच मांडतो आणि चेलो ती नंतर फुलवतो.

असे असूनही ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर चेलोवादकाचे छायाचित्र मोठे आणि पियानोवादकाचे नाव बारीक अक्षरात, असा प्रकार वारंवार दिसतो. अशा ध्वनिमुद्रिकेत कधीकधी आवाजाची मांडणीही तशीच असते : चेलो कानाशी, आणि पियानो शेजारच्या खोलीत. मी तरी अशा ध्वनिमुद्रणांच्या वाटेला जात नाही, वादक कितीही मोठा असला तरी.

बीथोव्हेनच्या पाचही सोनाटांचा संच घ्यायचा आहे. कोणता घ्यावा?

ओपस 5 चे दोन, ओपस 69 चा एक आणि 1815 साली लिहिलेले ओपस 102 चे दोन, असे हे पाच सोनाटे आहेत. त्यांच्या जोडीला व्हेरिएशन्सचे, म्हणजे एकाच स्वरवाक्याला निरनिराळी रूपे देणाऱ्या रचनांचे, तीन संच येतात, त्यांपैकी एक हँडेलच्या स्वरवाक्यावर आणि दोन मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातील गाण्यांवर आहेत. सगळे मिळून सव्वादोन तासांच्या आसपास होते आणि दोन सीडींवर मावते. केवळ सोनाटे असलेला संच घेण्यापेक्षा व्हेरिएशन्ससह असलेला संच घ्यावा, कारण त्यांत बीथोव्हेनचा खेळकरपणा मोकळेपणाने दिसतो.

पिएर फुर्निए या फ्रेंच चेलोवादकाने हे पाचही सोनाटे तीन वेगवेगळ्या पियानोवादकांबरोबर मुद्रित केले, आणि पियानोवादक बदलला की काय बदलते हे समजून घ्यायचे असेल तर याहून चांगली संधी नाही. 1940च्या दशकाच्या उत्तरार्धात आर्टुर श्नाबेल, 1959 मध्ये फ्रीडरिख गुल्डा आणि 1965 मध्ये पॅरिसच्या मैफिलीत विल्हेल्म केम्प्फ असे त्याचे तीन सहकारी होते. श्नाबेलबरोबर वादविवादाची धार आहे, वाक्ये तुटक आणि ठाम आहेत. गुल्डा लय अत्यंत स्वच्छ राखतो आणि जलद भागांत त्याचा प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. केम्प्फचा पियानो गातो, आणि फुर्निएचा गज त्याच्या सोबतीने अधिक सैल, अधिक उदार होतो. चेलोवादक तोच, संहिता तीच; तरीही ओपस 69 चा पहिला भाग तीन वेळा तीन स्वभावांचा होतो. यांपैकी एकच घ्यायचा असेल तर मी गुल्डाबरोबरचा संच सुचवीन, कारण त्याचे ध्वनिमुद्रण समतोल आहे आणि त्यात कोणाचीही मनमानी नाही.

म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच आणि स्वियातोस्लाव रिख्टर यांचा 1961 ते 1963 या काळात मुद्रित झालेला संच सर्वाधिक प्रसिद्ध आहे. त्यातला जोम आणि आवाजाचा पल्ला विलक्षण आहे. ओपस 102, क्रमांक 2 मधील संथ भाग त्यांनी ज्या संयमाने वाजवला आहे, त्याला तोड नाही. या पाच सोनाटांत पूर्ण आकाराचा स्वतंत्र संथ भाग असलेला हा एकमेव सोनाटा, म्हणून ही जागा प्रत्येक जोडीची कसोटी पाहते. अलीकडच्यांपैकी मिक्लोश पेरेन्यी आणि आंद्राश शिफ यांचा 2004 साली प्रसिद्ध झालेला संच मला फार मोलाचा वाटतो. दोघेही आवाज न चढवता बोलतात आणि तरीही कोणताही तपशील हरवत नाही.

जुन्या घडणीच्या पियानोवरील ध्वनिमुद्रणे काही जण आवर्जून सुचवतात. त्यांत वेगळे काय असते?

वेगळेपणाचे मूळ वाद्याच्या बांधणीत आहे. 1796 च्या सुमाराचा व्हिएन्ना घडणीचा पियानो लाकडी चौकटीचा, सुमारे पाच सप्तकांचा आणि चामड्याने मढवलेल्या लहान हातोड्यांचा असे. त्याचा स्वर चटकन उमटे आणि चटकन विरून जाई. आजच्या मोठ्या पियानोला 88 पट्ट्या, ओतीव लोखंडाची चौकट आणि जाड नमद्याच्या हातोड्या असतात. तारांचा एकूण ताण 18 ते 20 टनांच्या घरात जातो आणि स्वर दीर्घकाळ टिकतो. चेलोही बदलला आहे. पूर्वी तातीच्या तारा असत आणि वाद्य बहुधा गुडघ्यांत धरले जाई. जमिनीवर टेकवण्याचा धातूचा दांडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास झाला आणि पोलादी तारा तर विसाव्या शतकातल्या.

या बदलांचा परिणाम नेमका कोठे ऐकू येतो, हे ओपस 5, क्रमांक 2 च्या संथ प्रस्तावनेत पाहावे. तेथे बीथोव्हेनने दीर्घ विराम लिहिले आहेत. आजच्या पियानोवर त्या विरामांत आधीच्या स्वरांची गुंजन रेंगाळते, तर जुन्या घडणीच्या पियानोवर खरी शांतता पसरते आणि पुढचा स्वर येईपर्यंत ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. डाव्या हातातील खालच्या पट्टीची दाट स्वरसंगतीसुद्धा जुन्या वाद्यावर गढूळ होत नाही, त्यामुळे चेलोवादकाला जोर लावून गज ओढावा लागत नाही.

स्टीव्हन इसर्लिस आणि रॉबर्ट लेव्हिन यांचा 2014 साली प्रसिद्ध झालेला संच या प्रकारात मी सर्वांत आधी सुचवतो. त्यात लेव्हिनने वाल्टर या व्हिएन्नातल्या कारागिराच्या 1805 च्या सुमाराच्या पियानोच्या धर्तीवर बनवलेले वाद्य वाजवले आहे, आणि त्याचा पियानो इतका बोलका आहे की बीथोव्हेन स्वतः बसला असता तर असाच वाजला असता असे वाटत राहते. अन्नर बायल्स्माने माल्कम बिल्सन आणि नंतर योस व्हान इमरसेल यांच्यासह केलेली ध्वनिमुद्रणेही या वाटेवरची महत्त्वाची ठिकाणे आहेत.

काही ध्वनिमुद्रणांत पियानो चेलोला झाकून टाकतो. हा तंत्रज्ञांचा दोष मानावा का?

कधी तंत्रज्ञांचा, कधी वादकांचा, आणि बऱ्याच वेळा मूळ अडचणीचा. व्हायोलिनचा स्वर पियानोच्या बहुतेक साथीच्या वर तरंगतो. चेलोचे तसे नाही. त्याचा नेहमीचा वावर पियानोच्या डाव्या हाताच्या आणि मधल्या पट्टीतच असतो, म्हणजे पियानोच्या आवाजाचा जो भाग सर्वांत घट्ट आहे, त्याच्याच आत चेलोला आपली जागा करावी लागते. चांगला रचनाकार हे ओळखून लिहितो. ब्राम्सच्या ई मायनर सोनाटाच्या आरंभी चेलो अगदी खर्जात आहे, म्हणून पियानोला मात्रेवर आघात न देता मात्रांच्या मध्ये, हलक्या स्वरसमूहांत ठेवले आहे. चेलोच्या प्रत्येक स्वराचा आरंभ त्यामुळे मोकळा ऐकू येतो. याच सोनाटाच्या अखेरच्या भागात मात्र दोघेही पूर्ण ताकदीने भिडतात. ब्राम्स हा सोनाटा एका हौशी चेलोवादकाबरोबर वाजवत असताना त्याने आपला चेलो आपल्यालाच ऐकू येत नसल्याची तक्रार केली आणि ब्राम्सने ‘नशीबवान आहात’ असे उत्तर दिले, अशी आख्यायिका सांगितली जाते. देब्युसीने याच अडचणीवर आपल्या सोनाटाच्या हस्तलिखितात पियानोवादकासाठी सूचना लिहून ठेवली : चेलोशी झगडायचे नाही, त्याला साथ द्यायची आहे, हे कधीही विसरू नये.

ध्वनिमुद्रण करताना या अडचणीवर तीन प्रकारे उपाय होतो. पियानोवादक डावा हात आणि पेडल आवरतो. पियानोचे झाकण पूर्ण उघडे, अर्धवट उघडे किंवा बंद ठेवून आवाजाची दिशा आणि धार बदलता येते. आणि चेलोसमोर वेगळा मायक्रोफोन ठेवून त्याची पातळी वाढवता येते. यांतला पहिला उपाय सर्वांत श्रेयस्कर आणि तिसरा सर्वांत धोक्याचा. मायक्रोफोन फार जवळ आला की गजाची खरखर, डाव्या हाताच्या बोटांचे ठोके आणि श्वास हे सारे स्वरापेक्षा पुढे येते, आणि दोन वाद्ये एका दालनात वाजत आहेत यावर विश्वास बसत नाही. चांगला तोल ओळखण्यासाठी मी एक साधी खूण वापरतो : जेथे चेलो बोटांनी तारा छेडतो आणि पियानोही वाजत असतो अशी जागा शोधावी. ब्राम्सच्या एफ मेजर सोनाटातील दुसरा भाग अशाच छेडलेल्या स्वरांनी सुरू होतो. तेथे चेलोचा स्वर गोल आणि पूर्ण लांबीचा ऐकू आला, आणि तरीही पियानो दूर गेल्यासारखा वाटला नाही, तर बाकीच्या ध्वनिमुद्रणाची काळजी करण्याचे कारण नाही.

ब्राम्सच्या दोन सोनाटांसाठी कोणती ध्वनिमुद्रणे सुचवाल?

ई मायनर, ओपस 38 हा सोनाटा 1862 ते 1865 या काळातला आणि एफ मेजर, ओपस 99 हा 1886 च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधील थून येथे, चेलोवादक रोबर्ट हाउसमान याच्यासाठी लिहिलेला. पहिल्यात स्वतंत्र संथ भाग नाही, आणि अखेरच्या भागाचे फ्यूगचे (एकच स्वरवाक्य निरनिराळ्या पट्ट्यांत एकामागून एक येत जाते अशा रचनेचे) स्वरवाक्य बाखच्या ‘आर्ट ऑफ फ्यूग’मधील एका स्वरवाक्याशी जवळचे नाते सांगते. दुसरा आरंभापासून उसळता आहे. पियानो स्वर थरथरवत राहतो आणि चेलो त्यावरून मोठमोठ्या झेपा घेतो.

यानोश स्टार्कर आणि ग्यॉर्ग्य शेबॉक यांचे ध्वनिमुद्रण कोरडे न होता नेमके आहे. भावना ओतण्याऐवजी ते रेषा स्पष्ट करतात. जॅकलिन ड्यू प्रे आणि डॅनिएल बारेनबॉइम यांचे 1968 चे ध्वनिमुद्रण अगदी दुसऱ्या टोकाचे आहे, लय ताणलेली, स्वर जळते. रोस्त्रोपोविच आणि रुडॉल्फ सर्किन यांनी हे दोन्ही सोनाटे 1982 साली मुद्रित केले तेव्हा सर्किन ऐंशीच्या उंबरठ्यावर होता, आणि त्याच्या पियानोत जो विचारीपणा आहे त्याने रोस्त्रोपोविचसारख्या उसळत्या वादकालाही थोपवून धरले आहे. वाद्यांच्या रंगाविषयी कुतूहल असेल तर बायल्स्मा आणि लँबर्ट ऑर्किस यांचे ध्वनिमुद्रण शोधावे. त्यात बायल्स्मा 1701 साली स्ट्राडिवारीने बनवलेला ‘सर्व्हे’ नावाचा चेलो वाजवतो.

1950 पूर्वीची जुनी ध्वनिमुद्रणे खरखरीत असतात. ती ऐकण्यात वेळ घालवावा का?

जरूर घालवावा, मात्र आधी त्यांची परिस्थिती समजून घ्यावी. मायक्रोफोनवर आधारित विद्युत ध्वनिमुद्रण 1925 मध्ये रुळले आणि लाँग प्लेइंग तबकडी 1948 मध्ये आली. मधल्या काळात 78 फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार ते साडेचार मिनिटांचेच संगीत मावे. पंचवीस मिनिटांच्या सोनाटाला सहा-सात बाजू लागत, आणि प्रत्येक बाजू सलग वाजवावी लागे. मधली एखादी चूक कापून जोडण्याची सोयच नव्हती. त्यामुळे त्या ध्वनिमुद्रणांत जे ऐकू येते ते खरोखर एका दमात वाजवलेले असते. काही ठिकाणी बाजू संपण्याआधी लय किंचित घाई करते, त्याचे कारणही हेच.

पाब्लो कासाल्सने 1930च्या दशकात बीथोव्हेनचे सोनाटे मुद्रित केले. ओपस 69 साठी त्याच्यासोबत ओटो शुल्होफ आणि इतर चारांसाठी मिएचिस्वाव होर्शोव्स्की पियानोवर होते. कासाल्सच्या वादनात एकच स्वर दोनदा आला तर दुसऱ्या वेळी तो कधीच तसाच येत नाही, प्रत्येक स्वराला शब्दासारखे वजन असते. एमान्युएल फॉयरमान आणि मायरा हेस यांचे 1937 मधील ओपस 69 हे मात्र या वाङ्मयातले माझे सर्वांत लाडके ध्वनिमुद्रण आहे. फॉयरमान 1942 मध्ये अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला, आणि चेलोवरील इतकी सहजता त्यानंतर क्वचितच ऐकायला मिळाली. हेसचा पियानो त्या सहजतेला तितक्याच मोकळेपणाने उत्तर देतो.

जुन्या तबकड्यांच्या नव्या आवृत्त्या घेताना खरखर संपूर्ण काढून टाकलेल्या आवृत्तीपेक्षा थोडी राहू दिलेली आवृत्ती निवडावी. आवाज अतिरेकाने स्वच्छ केला की गजाच्या स्पर्शाचे बारीक कंगोरेही त्यासोबत पुसले जातात आणि चेलो काचेमागे गेल्यासारखा वाटतो. दोन-चार मिनिटांत कान खरखरीला सरावतो.

एकाच सोनाटाच्या कालावधीत चार-पाच मिनिटांचा फरक कसा पडतो?

बहुतेक वेळा तो फरक गतीचा नसून पुनरावृत्तीचा असतो. पहिल्या भागातील मांडणी, म्हणजे मुख्य स्वरवाक्ये प्रथम येतात तो आरंभीचा विभाग, पुन्हा वाजवावी अशी खूण रचनाकाराने केलेली असते, आणि जुन्या ध्वनिमुद्रणांत जागेअभावी ती सर्रास गाळली जाई. ब्राम्सच्या ई मायनर सोनाटाचा पहिला भाग पुनरावृत्तीसह चौदा मिनिटांच्या आसपास जातो, तिच्याशिवाय दहाच्या आसपास राहतो. पुनरावृत्ती असलेले ध्वनिमुद्रण घ्यावे, असे माझे मत आहे. दुसऱ्या फेरीत वादक काय वेगळे करतात हे ऐकण्यासारखे असते.

शुबर्टचा ‘आर्पेजिओने सोनाटा’ मुळात चेलोसाठी नाही, हे खरे का?

खरे आहे. आर्पेजिओने हे 1823 च्या सुमारास व्हिएन्नात योहान गेओर्ग श्टाउफर याने घडवलेले सहा तारांचे, गिटारसारखे पडदे असलेले आणि गजाने वाजवायचे वाद्य होते. शुबर्टने 1824 मध्ये त्यासाठी हा सोनाटा लिहिला, आणि तो 1871 मध्ये छापला जाईपर्यंत ते वाद्य विस्मरणात गेले होते. चार तारांच्या चेलोवर त्यातील उंच पट्टीच्या जागा फार अवघड जातात, आणि ऐकणाऱ्याला त्या अवघड वाटू न देणे हेच येथे कौशल्य. फॉयरमान आणि जेराल्ड मूर यांचे 1937 चे ध्वनिमुद्रण त्या दृष्टीने आजही आदर्श आहे. रोस्त्रोपोविच आणि बेंजामिन ब्रिटन यांचे 1968 मधील वादन त्याहून पुष्कळ संथ आहे. ब्रिटनचा पियानो शुबर्टची एकेक स्वरसंगती जणू प्रथमच सापडल्यासारखी उलगडतो, आणि मला स्वतःला हेच अधिक जवळचे वाटते.

सेझार फ्रांकचा ए मेजर सोनाटाही मुळात व्हायोलिनचा, 1886 मधला. त्याचे चेलोसाठीचे रूप झ्यूल देल्सार याने सिद्ध केले. पियानोचा भाग जवळपास जसाच्या तसा राहिला आहे.

शोपँने पियानोखेरीज इतर वाद्यांसाठी फारसे लिहिले नाही. मग त्याचा चेलो सोनाटा ऐकण्याजोगा आहे का?

जी मायनर, ओपस 65 ही शोपँच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या रचनांपैकी एक आहे, आणि तिच्यासाठी त्याने किती खस्ता खाल्ल्या हे त्याच्या मागे राहिलेल्या असंख्य कच्च्या खर्ड्यांवरून दिसते. चेलोवादक ओग्युस्त फ्रांकोम याच्यासोबत त्याने ती 16 फेब्रुवारी 1848 रोजी, पॅरिसमधील आपल्या अखेरच्या मैफिलीत वाजवली, तीही पहिला भाग वगळून. तो पहिला भाग खरोखर दाट आणि गुंतागुंतीचा आहे. तिसरा, लार्गो (अतिसंथ) हा भाग मात्र चार मिनिटांच्या आतबाहेरचा आणि अत्यंत साधा; दोन वाद्ये एकच ओळ आळीपाळीने धरतात, बस्स. ज्यांना पहिला भाग जड वाटतो त्यांनी लार्गोपासून ऐकायला हरकत नाही.

रोस्त्रोपोविच आणि आर्गेरिच यांचे 1980 चे ध्वनिमुद्रण येथे मी पुढे ठेवीन, कारण पियानोची अवघड जाळी आर्गेरिच लीलया मोकळी करते. ड्यू प्रे आणि बारेनबॉइम यांनी डिसेंबर 1971 मध्ये हा सोनाटा आणि फ्रांकचा सोनाटा मुद्रित केला. ड्यू प्रेचे ते शेवटचे स्टुडिओ ध्वनिमुद्रण. पुढे तिच्या आजाराचे निदान झाले आणि वादन थांबले. ते वादन कोणत्याही सहानुभूतीच्या आधाराशिवाय उभे राहते.

रचनाकाराने स्वतः वाजवलेली ध्वनिमुद्रणे आहेत का?

आहेत, आणि विसाव्या शतकाच्या बाबतीत तो मोठाच ठेवा आहे. शोस्टाकोविचने आपल्या 1934 च्या डी मायनर सोनाटाचा पियानो दानिइल शाफ्रान आणि रोस्त्रोपोविच या दोघांबरोबर मुद्रित केला. रोस्त्रोपोविचबरोबरच्या ध्वनिमुद्रणात पहिल्या भागाचा शेवट लक्षपूर्वक ऐकावा. आधीचे लोभस स्वरवाक्य तेथे अतिसंथ गतीत, पावले ओढत परत येते आणि शोस्टाकोविच ते कसलाही रंग न भरता, जवळजवळ निर्विकारपणे वाजवतो. इतर पियानोवादक येथे शोक व्यक्त करतात. रचनाकाराने तो टाळला आहे आणि परिणाम अधिक भेदक झाला आहे.

ब्रिटन आणि रोस्त्रोपोविच यांची भेट 1960 साली लंडनमध्ये झाली, आणि त्या ओळखीतून ब्रिटनचा ओपस 65 चा सोनाटा जन्मला. पाच छोट्या भागांच्या या रचनेत दुसरा भाग संपूर्णपणे छेडलेल्या स्वरांचा आहे, गज तेथे हातात धरावाच लागत नाही. दोघांनी 1961 मध्ये तो मुद्रित केला आणि त्याच्यासोबत शुमान आणि देब्युसी यांच्या रचनाही वाजवल्या. एकच ध्वनिमुद्रिका घेण्याची मुभा असेल तर मी हीच घेईन. प्रोकोफिएव्हच्या सी मेजर सोनाटात रचनाकार स्वतः पियानोवर नाही, परंतु 1950 मध्ये मॉस्कोत तो प्रथम जाहीरपणे सादर करणारे रोस्त्रोपोविच आणि रिख्टर यांचे वादन उपलब्ध आहे.

मैफिलीतले ध्वनिमुद्रण घ्यावे की स्टुडिओतले?

पहिल्या ओळखीसाठी स्टुडिओतले बरे, कारण त्यात तोल सांभाळलेला असतो. रचना परिचयाची झाल्यावर मैफिलीतले घ्यावे. ड्यू प्रे आणि बारेनबॉइम यांचे 1970 च्या एडिनबरा महोत्सवातील बीथोव्हेन ऐकताना खोकल्याचे आवाज येतात आणि एखादा स्वर निसटतोही, पण वेगवान भागांत दोघे जी जोखीम पत्करतात ती बंद दालनात सहसा कोणी पत्करत नाही.

वादकाचा श्वास, बोटांचे ठोके ऐकू येतात. ध्वनिमुद्रण सदोष आहे का?

नाही. चेलोवादकाचा श्वास वाक्याच्या आरंभीच घेतला जातो आणि तो योग्य अंतरावरून ऐकू आला तर खटकत नाही. तो सतत ऐकू येत असेल तर मायक्रोफोन फार जवळ ठेवला आहे, एवढेच समजावे.

ही ध्वनिमुद्रणे मोबाइलवर ऐकली तर चालतील का?

हेडफोन लावून चालतील. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर नको. चेलोच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर सुमारे 65 हर्ट्झचा असतो, आणि इतका खोल स्वर ते छोटे स्पीकर उमटवूच शकत नाहीत. कान वरच्या उपस्वरांवरून त्या स्वराचा अंदाज बांधतो, म्हणून धून कळते. पण त्या स्वराचा देह आणि पियानोच्या डाव्या हाताशी असलेले त्याचे नाते नाहीसे होते, आणि याच नात्याविषयी हे सगळे संगीत आहे.

ज्या उपकरणावर दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर खंड पडतो, त्यातील ती सेटिंग बदलून घ्यावी. देब्युसीच्या सोनाटाचा दुसरा भाग न थांबता तिसऱ्यात शिरतो. तेथे अर्ध्या सेकंदाची पोकळी पडली तरी रचनेचा कणा मोडतो.

ऑनलाइन शोधताना एकाच ध्वनिमुद्रणाची पाच वेगवेगळी वेष्टने दिसतात. ओळखायचे कसे?

दोन्ही वादकांची नावे आणि मुद्रणाचे वर्ष या तीन गोष्टी जुळवाव्यात. प्रसिद्धीचे वर्ष दिशाभूल करते, कारण 1959 चे ध्वनिमुद्रण दर दहा-वीस वर्षांनी नव्या वेष्टनात येते आणि यादीत ते ताजे म्हणून झळकते. त्यातही वर दिलेल्या फुर्निएसारख्या वादकाच्या बाबतीत केवळ त्याचे नाव आणि रचनेचे नाव टाकून शोध घेतला तर तीन निरनिराळी वादने एकमेकांत मिसळून समोर येतात. पियानोवादकाचे नाव टाकताच गोंधळ मिटतो.

प्रसिद्ध रचना ऐकून झाल्या. आता पुढे काय ऐकावे?

गाब्रिएल फोरेचे 1917 आणि 1921 मधले दोन सोनाटे आधी ऐकावेत. दुसऱ्याचा संथ भाग नेपोलियनच्या मृत्युशताब्दीसाठी लिहिलेल्या शोकगीतावरून घेतलेला आहे, आणि त्याच्या भोवतीचे दोन भाग पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, जवळपास बहिऱ्या झालेल्या माणसाचे आहेत यावर विश्वास बसू नये इतके प्रसन्न आहेत. मेंडेल्सोनचा डी मेजर सोनाटा त्याच्या पियानोच्या झळाळीसाठी, आणि ग्रीगचा ए मायनर त्यातील नाट्यासाठी ऐकावा.

स्त्री-रचनाकारांचे काम दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. आता त्याची चांगली ध्वनिमुद्रणे होऊ लागली आहेत. फॅनी मेंडेल्सोनची जी मायनर फँटसी, एथेल स्मिथचा ए मायनर सोनाटा, डच रचनाकार हेन्रिएट बोस्मान्सचा 1919 चा सोनाटा आणि नादिया बुलांझेच्या तीन छोट्या रचना या क्रमाने घ्याव्यात. बोस्मान्सचे वडील आम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ वाद्यवृंदाचे प्रमुख चेलोवादक होते आणि हे वाद्य तिला किती आतून ठाऊक होते ते पहिल्या भागातच कळते.

आंतोन वेबर्नच्या ओपस 11 मधील तीन तुकड्यांसाठी मात्र वेगळी तयारी लागते. 1914 च्या या तिन्ही तुकड्यांत मिळून 32 मात्राखंड आहेत आणि सगळे तीन मिनिटांच्या आत संपते. आवाज बहुतांश इतका हळू आहे, की खोलीतला पंखा बंद करून, यादीतला पुढचा ट्रॅक आपोआप सुरू होणार नाही याची खात्री करून मगच ते लावावेत.